जयवंत मार्करचा उजवा पाय

टेनिस खेळणं हा धंदा असू शकतो हे विमलाला लग्न ठरल्यावर कळलं, आणि पहिला धक्का तिला तिथेच बसला. मुलगा काय करतो, असं तिच्या काकांनी विचारलं तेव्हा मध्यस्थाने 'खेळतो' एवढंच सांगितलं होतं. काकांना वाटलं, खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत नाहीतर बँकेत लागला असेल, कबड्डीबिबड्डी खेळत असेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. साखरपुड्याच्या दिवशी कळलं की मुलगा कुठेच लागलेला नाही, नुसताच खेळतो, आणि तेही टेनिस. काकांचे डोळे पांढरे झाले. भांडुपच्या चाळीत राहणारा, गिरणीकामगाराचा मुलगा, आणि टेनिस! पण नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते, मुलगा उंच आणि बोलायला गोड होता. शिवाय विमलाला तो आवडला होता. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी मुलगी, घर चालवायला माझी मी खंबीर आहे म्हणाली, आणि प्रश्न मिटला.

लग्न झालं ते गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षी. सासरे गुणाजी देवगडकडचे, पंचवीस वर्षं गिरणीत साच्यावर काढलेली. संप लांबला तसे ते खचले आणि गावी जाऊन बसले ते परत आलेच नाहीत. घरात राहिली सासू रुक्मिणी, विमला आणि हा खेळाडू. नवरा नक्की काय करतो ते सासूला विचारावं, तर ती म्हणायची, "अगो, माझो झील पांढरे कपडे घालून भायर जाता आणि लाल होवन घराक येता. मधी काय करता ता माका इचारू नको."

विमलाने मग त्यालाच विचारून सगळं समजून घेतलं. दहा वर्षांचा असताना गाववाल्या माळ्याने जयवंतला मुलुंडच्या लेकव्ह्यू जिमखान्यात चेंडू उचलायला नेलं. जिमखान्याचं नाव लेकव्ह्यू, तळं मात्र तिथून दिसत नसे; दिसायच्या त्या फक्त तांबड्या मातीच्या चार कोर्टांपलीकडे मेंबरांच्या मोटारी. पंधराव्या वर्षी तो मार्कर झाला. मार्कर म्हणजे मेंबरांशी खेळायला ठेवलेला माणूस. मेंबराचा जोडीदार आला नाही की मार्करला हाक मारायची. मार्करने मेंबराला घाम येईल इतपत पळवायचं, पण दमवायचं नाही. हरायचं, पण हरून देतोय असं दिसू द्यायचं नाही. मेंबराचा फटका बरा बसला की 'गुड शॉट, सर' म्हणायचं आणि नाही बसला तरी म्हणायचं. खेळ संपल्यावर फळी ओढून कोर्ट सारखं करायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या रेषा आखायच्या. हे सगळं करता करता जयवंत असा काही खेळायला लागला, की बाविसाव्या वर्षी एका भल्या मेंबराने त्याला आपली जुनी रॅकेट देऊन सांगितलं, इथे कुजू नकोस, बाहेर जाऊन स्पर्धा खेळ. तेव्हापासून तो कलकत्ता, मद्रास, दिल्ली, बंगलोर असा हिंडत होता. थंडीत सॅटेलाइट सर्किट नावाच्या स्पर्धा असत. चार गावं, चार आठवडे. शेवटच्या आठवड्यापर्यंत जो टिकेल, त्याला जगाच्या यादीत जागा.

"सॅटेलाइट?" शेजारचा कुंडलिक म्हणाला होता. तो ट्रॉम्बेला अणुकेंद्राच्या गाडीवर ड्रायव्हर होता, त्यामुळे विज्ञान ही आपल्या घरची गोष्ट आहे असं त्याला वाटे. "अरे, ते आमच्या साहेब लोकांचं काम, आकाशात सोडायचं. तू कुठे त्यात घुसलास यार?"

तर एकोणीसशे त्र्याऐंशी साली जयवंत त्या यादीत शिरला. कलकत्त्यात शिरला. जगात नऊशे बारावा. तार आली तेव्हा विमलाला हर्षवायू व्हायचा बाकी होता. ती पेढे घेऊन आली आणि चाळीत वाटायला निघाली. तर एकेकाच्या तोंडावर ही अवकळा! चाळीला नंबर ठाऊक होते ते शाळेतले. पहिला आला की पेढे, दहावा आला की 'पुढच्या वेळी अभ्यास कर', आणि नऊशे बारावा आला तर कुटुंबाचं सांत्वन करायला जायचं की काय, हेच लोकांना कळेना. रुक्मिणीने कपाळावर हात मारून घेतला. "जगात नवशे अकरा माणसां तुझ्या फुडे आसत, आणि तू पेढे वाटतंस? लाज वाटूची नाय?" जयवंत पोट धरधरून हसला. विमलाला मात्र राग आला. अख्ख्या जगात, म्हणजे चीन आणि अमेरिका धरून, फक्त नऊशे अकरा माणसं याच्यापेक्षा बरी खेळतात, हे या लोकांच्या टाळक्यात कसं शिरत नाही? तिने उरलेले पेढे घरातच संपवले.

वर्षभराने त्याचं नाव यादीतून गळलं. ते टिकवायला दरवर्षी नव्याने मिळवावं लागतं, आणि पुढची चार वर्षं त्याला ते जमलं नाही. दर थंडीत बॅग भरायची, दर वेळी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या पात्रता फेरीत हरायचं आणि परत यायचं. हरायचं तेही कसं? अगदी थोडक्यात. सात-पाच, सात-सहा. लोक म्हणत, जयवंत मोठ्या मॅचचा खेळाडू आहे. इतर स्पर्धांत, जिथे पंच आणि लाइनवर माणसं बसलेली असतात, तिथे तो भल्याभल्यांना घाम फोडतो, आणि पात्रता फेरीत, जिथे ना पंच ना लाइनवाले, तिथे कालच्या पोरांशी हरतो. कलकत्त्याला त्या वर्षी नवल घडलं होतं. पात्रता फेरीलाही कॉलेजची मुलं लाइनवर बसवली होती, आणि तिथेच तो वर चढला होता. यातली संगती कुणाच्या लक्षात आली नाही, निदान विमलाला तसं वाटत होतं.

हरून परतताना तो एक वस्तू मात्र हमखास आणायचा. खिलाडूवृत्तीचा चषक. स्पर्धेतला सर्वांत सज्जन खेळाडू म्हणून. मद्रासचा, हैदराबादचा, पुण्याचा. शोकेसमध्ये रांग लागली होती आणि विमला दिवाळीला ते चिंचेने घासून लख्ख करायची. नवरा हरतो, पण माणूस म्हणून सोनं आहे, असं ती कंपनीत सांगायची, आणि ते तिला मनापासून वाटायचंही.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. सर्किटचा एक आठवडा पहिल्यांदाच मुलुंडला, लेकव्ह्यू जिमखान्यावर ठरला. आणि जिमखान्याचे सेक्रेटरी कोठारी साहेब यांनी जयवंतला निरोप धाडला की हेड मार्करची कायम जागा रिकामी झाली आहे, सोमवारी सकाळी ये, माझ्याशी एक सेट खेळ, म्हणजे कागदपत्र करून टाकू. जयवंत बत्तीस वर्षांचा झाला होता. गुडघा कुरकुरत होता. विमलाच्या एकटीच्या पगारावर आणखी किती वर्षं ओढायचं? नवरा-बायकोने बसून ठरवलं. ही शेवटची पात्रता फेरी. तीन मॅच. तिन्ही जिंकून मुख्य स्पर्धेत शिरला, तर पुढे सर्किटबरोबर जायचं, यादीत नाव येईपर्यंत झुंजायचं, आणि कोठारी साहेबांना नाही कळवायचं. हरला, तर सोमवारी सकाळी जिमखान्यात जाऊन मार्कर व्हायचं ते कायमचं. पुन्हा 'गुड शॉट, सर' ते निवृत्त होईपर्यंत.

"मी सहाशेवा नाही, सातशेवा नाही, परत नऊशे बारावा झालो तरी चालेल," जयवंत म्हणाला. "पण मार्कर नको, विमल."

पहिली मॅच शुक्रवारी झाली, तो जिंकला. दुसरी शनिवारी, आणि शनिवारी विमलाची पहिली पाळी. दुपारी सुटल्यावर डबा हातात घेऊन ती थेट जिमखान्यावर गेली. पाच वर्षांच्या संसारात तिने त्याला खेळताना एकदाही पाहिलं नव्हतं. परगावी जाणं शक्य नव्हतं, आणि इथल्या जिमखान्यात मार्करच्या बायकोने कुठे बसायचं, हा प्रश्नच होता. आज मात्र तो खेळाडू होता. ती ऐटीत बाकावर बसली, कोर्टाला अगदी लागून, मागच्या रेषेच्या बाजूला.

खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पंधराचे तीस होतात, आणि तिसाचे पंचेचाळीस व्हायचे सोडून चाळीस का होतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण चुन्याची पांढरी रेषा तिला दिसत होती, चेंडू दिसत होता, आणि लंगडी खेळलेल्या कुणालाही कळेल तेवढं तिलाही कळत होतं, की रेषेच्या आत ते आत आणि बाहेर ते बाहेर. तांबड्या मातीत चेंडू पडला की तिथे निशाण उमटायचं, अंगठ्याने दाबल्यासारखं. पंच नव्हताच. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते ज्याने-त्याने सांगायचं. भांडण झालं तर आवारात हिंडणाऱ्या रेफरीला बोलवायचं.

समोरचा मुलगा पंजाबातून आलेला, धिप्पाड. त्याने एक फटका मारला. चेंडू मागच्या रेषेच्या बाहेर पडला. चार बोटं बाहेर, विमलाच्या डोळ्यांदेखत. आता नवरा काहीतरी म्हणेल म्हणून ती बघत राहिली. जयवंत म्हणाला, "गुड." आणि त्याचा उजवा पाय पुढे आला, बुटाच्या तळव्याने त्याने ते निशाण हलकेच पुसून टाकलं आणि पुढच्या पॉइंटसाठी वळला.

विमलाला वाटलं, आपलीच नजर चुकली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चेंडू बाहेर, 'गुड', आणि पाय. चटकन, सफाईने, जेवून उठल्यावर बायका शेण फिरवून जागा सारवतात तसा. तिसऱ्यांदा झालं तेव्हा तिने समोरच्या खेळाडूकडे निरखून बघितलं. पंजाबचा तो मुलगा मुद्दाम रेषेच्या आसपास मारत होता. त्याला माहीत होतं! रेषेच्या बाहेर हातभर जागा आपल्याला फुकट मिळणार आहे, हे त्याला आधीपासून माहीत होतं!

जयवंत ती मॅच जिंकला, कसाबसा, दोन तासांनी, तोंडाला फेस येईपर्यंत खेळून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमला बाकावरून उठलीच नाही.

तो आंघोळीला गेला तेव्हा विद्याधर तिच्याजवळ आला. विद्याधर जयवंतचा दुहेरीतला जोडीदार, बँकेत नोकरीला, दहा वर्षांचा दोस्त, लग्नात नवऱ्याच्या बाजूने राबलेला. "काय वहिनी, झकास खेळला ना आपला माणूस? चला, चहा घेऊ."

टपरीवर चहा हातात आल्यावर विमलाने सरळ विचारलं. "भाऊजी, बाहेर पडलेला चेंडू हे आत का म्हणतात? आणि पायाने काय पुसतात?"

विद्याधरचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. मग तो हसल्यासारखं करून म्हणाला, "ती त्याची पद्धत आहे, वहिनी. जंटलमन माणूस."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?"

"सगळ्यांना ठाऊक आहे." आता तो जमिनीकडे बघत होता. "जयवंत समोर असला की लाइनच्या बाहेर पडला तरी भ्यायचं नाही, हे नवीन पोरांनासुद्धा पहिल्या दिवशी सांगतात."

"आणि तुम्ही? तुम्हीपण खेळलात ना त्यांच्याशी? पुण्याला, बंगलोरला?"

विद्याधर चहावरची साय बोटाने बाजूला सारू लागला.

"तुम्ही काय केलंत, भाऊजी?"

"मीपण तेच," तो म्हणाला. "वहिनी, तिथे प्रत्येकजण आपल्यापुरतं बघतो."

या माणसाला तिने मटण करून वाढलं होतं. कितीदा! हा माणूस तिच्या घरात बसून, तिच्या हातचं जेवून, शोकेसकडे बोट दाखवून म्हणाला होता, बघा वहिनी, तुमचा नवरा किती सज्जन. आणि ते चषक देणारे? त्यांनाही ठाऊक असणार. दहा वर्षं एका माणसाला उघड्यावर लुटायचं आणि वर त्याला सज्जन म्हणून पितळ द्यायचं! तिने चहा तसाच फळीवर ठेवला आणि उठून चालू लागली.

घरी गेल्यावर सासू भाकऱ्या थापत होती तेव्हा तिने जयवंतला सगळं सांगितलं. तो रागावेल, नाही तर हादरेल, असं तिला वाटलं होतं. तो दोन्हीपैकी काही झाला नाही. "कोर्ट साफ ठेवायची सवय आहे पायाला," एवढंच म्हणाला. आणि रॅकेटच्या मुठीवरची पट्टी सोडवून पुन्हा गुंडाळत बसला.

"अहो, पण उद्या बाहेर पडला तर बाहेर म्हणाल ना?"

"म्हणेन."

बिचाऱ्याला दिसतच नसणार, असं विमलाला वाटलं. वर्षानुवर्षं मेंबरांचे चेंडू आत म्हणून म्हणून नजरच तशी झाली असेल. आता सांगितलंय, आता बघेल, असा तिने मनाशी धीर धरला.

रविवारची मॅच चंद्रप्रकाशशी. हा जिमखान्याच्याच एका मेंबराचा मुलगा, मुलुंड कॉलनीतला, वीस वर्षांचा. लहानपणी याच कोर्टावर त्याला रॅकेट कशी धरायची ते जयवंतने शिकवलं होतं. तो जयवंतला जयवंतच म्हणायचा, बारा वर्षांनी मोठा असला तरी, कारण त्याचा बापही तसंच म्हणायचा. बाकांवर आज मेंबरमंडळी होती. कोठारी साहेब होते. विद्याधर लांब, पाण्याच्या पिंपाशी उभा होता. विमला कालच्याच बाकावर बसली.

पहिला सेट चंद्रप्रकाशने घेतला. तीनदा चेंडू बाहेर पडला, तीनदा जयवंत 'गुड' म्हणाला, तीनदा पाय फिरला. विमलाने पदराचं टोक दातांत धरलं होतं. दुसऱ्या सेटमध्ये जयवंत असा खेळला की मेंबरसुद्धा बोलायचे थांबले. रेषेवर जायची वेळच तो येऊ देत नव्हता. पोराला इकडून तिकडे नुसता पळवत होता. सेट बरोबरीचे झाले. तिसऱ्या सेटमध्ये तो पाच-चारने पुढे गेला, सर्व्हिस त्याची, आणि चाळीस-तीस. एवढं विमलाला कळत होतं, कारण शेजारी बसलेला एक म्हातारा मेंबर पुटपुटला, "एक पॉइंट. मार्कर जिंकतोय!"

सर्व्हिस गेली. चेंडू परत आला. सात-आठ फटके झाले. मग चंद्रप्रकाशने जीव खाऊन एक लांब फटका मारला, आणि तो चेंडू विमलाच्या समोर, रेषेच्या बाहेर पडला. चार बोटं. निशाण लखलखीत दिसत होतं.

जयवंतचा हात वर गेला. तर्जनी वर. "आउट!"

आवाज अख्ख्या आवारात घुमला. पण विमला त्याच्या हाताकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती. हात वर जात होता आणि त्याच वेळी, त्याच क्षणाला, उजवा पाय पुढे येत होता. तिला ओरडायचं होतं. 'अहो पाय!' एवढंच म्हणायचं होतं. तेवढाही वेळ मिळाला नाही. बुटाचा तळवा मातीवरून फिरला आणि निशाण गेलं.

चंद्रप्रकाश जागीच उभा. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. "आउट?" तो म्हणाला. "जयवंत, तू आउट बोला?" सतरा वर्षांत या कोर्टावर जयवंतच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता. बाकांवर कुजबुज उठली. मेंबर एकमेकांकडे बघायला लागले. मॅच पॉइंटवर मार्करने पोराला फसवलं, असं त्यांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ लिहिलं होतं. पोराने हातातली रॅकेट जाळ्यावर टेकवली. "निशान दिखा. रेफरी को बुलाओ."

रेफरी आला. जयवंत निशाण दाखवायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. तिथे गुळगुळीत माती होती. तीवर बुटाच्या तळव्याची कमान उमटली होती.

"तुम्ही पुसलंत?" रेफरीने विचारलं.

जयवंतने आपल्या पायाकडे बघितलं. तो पाय दुसऱ्या कुणाचा असावा, तसं बघितलं.

"नियम आहे," रेफरी म्हणाला. त्यालाही ओशाळल्यासारखं झालं होतं. "ज्याने निशाण पुसलं, त्याने पॉइंट सोडला. ड्यूस, चाळीस-चाळीस."

पुढचं विमलाने डोळे उघडे ठेवून पाहिलं, पण तिला ते धड दिसलं नाही. गेम गेला. पुढचे दोन्हीही गेले. सात-पाच. जयवंतने जाळ्यापाशी जाऊन हात मिळवला, "वेल प्लेड," म्हणाला. चंद्रप्रकाशने हात घेतला आणि त्याच्या डोळ्यांकडे न बघता सोडला. बाकावरचा म्हातारा उठता उठता म्हणाला, "शेवटी दाखवलीन जात." ते विमलाच्या कानात तापल्या सळईसारखं गेलं. जो माणूस दहा वर्षं स्वतःला लुबाडू देत होता, तो पहिल्यांदा खरं बोलला, आणि त्याच दिवशी लबाड ठरला!

घरी ते चालतच निघाले. एलबीएस मार्गाच्या कडेने, कारखान्यांच्या भिंतींना धरून. विमलाचं रडं थांबत नव्हतं. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "मी कशाला सांगायला गेले? तुम्हाला दिसत नव्हतं ते बरं होतं. तुमच्या पद्धतीने खेळला असतात तर जिंकलाही असतात."

जयवंत थांबला. बॅग खाली ठेवली.

"दिसत नव्हतं?" तो म्हणाला. "विमल, मला सगळे दिसायचे."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"पहिल्यापासून दिसतात. आत कुठला, बाहेर कुठला, मला चेंडू पडायच्या आधी कळतं. तेवढंच तर येतं मला." तो भिंतीला टेकला. "नवीन मार्कर होतो तेव्हा एका मेंबराचा चेंडू बाहेर गेला, मी आउट म्हणालो. त्यांनी खेळ थांबवला. सगळ्यांसमोर मला रेषेवर उभं केलं आणि म्हणाले, परत बघ. मी बघितलं. बाहेर होता. म्हणाले, परत बघ. असं किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी मी म्हणालो, आत आहे, सर. आणि ते निशाण पायाने पुसलं, कारण ते बाहेरच होतं गं, आणि मला ते बघवेना. मग तसंच पडलं. तोंडाला 'आउट' फुटायचंच नाही. फुटत नाही म्हणून पुसायचं. पुसलं की मलाही बघायला नको."

कालपासून ती समजत होती की नवऱ्याला जगाने फसवलं. त्याला ठाऊक होतं! प्रत्येक चेंडू ठाऊक होता! मद्रासला, दिल्लीला, सात-पाच, सात-सहा, प्रत्येक हार तो उघड्या डोळ्यांनी बघत होता आणि पाय फिरवत होता, आणि घरी येऊन हसत चषक शोकेसमध्ये ठेवत होता. तिला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. भर रस्त्यात दोन्ही शक्य नव्हतं.

"कोण मेंबर होता तो?" तिने विचारलं.

"कोठारी साहेब."

जयवंतने बॅग उचलली. भांडुप येईपर्यंत दोघं चालत राहिले.

सोमवारी सकाळी तो पांढरे कपडे घालून निघाला. रुक्मिणीने विचारलं, "खय चललंस?" "कामाक," तो म्हणाला. जाऊ नका, असं विमलाच्या ओठांवर आलं होतं. पण मग खायचं काय, हेही तिला दिसत होतं. कोठारी साहेबांनी मॅच बघितली होती. तरी निरोप मोडला नव्हता. उलट रात्रीच माणूस पाठवून कळवलं होतं की रविवारचं आम्ही मनावर घेत नाही, तुझ्यासारखा नम्र मार्कर मिळत नाही, ये.

विमला अर्ध्या तासाने कंपनीला निघाली. नेहमीचा रस्ता सोडून ती जिमखान्याच्या मागच्या गल्लीने गेली. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. भिंत उंच होती, वर मेंदीचं दाट कुंपण. आतलं काही दिसत नव्हतं, नुसता चेंडूचा आवाज येत होता. ठप्, ठप्. मधूनच कोठारी साहेबांचा मोठा श्वास आणि लगेच जयवंतचा आवाज, "गुड शॉट, सर." विमलाला ते ऐकवेना. तिने चालायला सुरुवात केली.

ठप्. मग आवाज बंद झाला.

"आउट, सर."

ती थांबली.

"काय म्हणालास?" कोठारी साहेब.

"आउट, सर."

"परत बघ."

विमलाने दोन्ही हात भिंतीवर टेकले. पलीकडे काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. एक कावळा तेवढा कुंपणावर ओरडत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"बघितलं, सर," जयवंत म्हणाला. प्रत्येक शब्द स्पष्ट होता. "निशाण आहे इथे. तुम्हीच या आणि बघा."

नोकरी मिळाली की गेली, ते विमलाला संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं. कंपनीचा भोंगा झाला, पाळी चुकली, तरी ती भिंतीला तशीच टेकून उभी राहिली.